दत्तारामच्या टेपमधली चिरचिर

लालबाग-परळच्या मंडळांना दत्ताराम परब माहीत आहे तो रेकॉर्डिंगवाला म्हणून. आरत्या, भजनं, शक्तीतुरे, कुणाच्या घरचे पाळणे, सगळं त्याच्या एका खोलीत टेप झालं. मुळात तो गिरणीच्या साचेखात्यातला, म्हणजे जिथे माग चालतात तिथला, वायरमन होता हे आता कुणाला सांगितलं तर पटत नाही. मला पटवायची गरज नाही. त्याच्या आणि माझ्या खोलीत एकच भिंत आहे, आणि तीही अशी की पलीकडे कुणी कूस बदलली तर अलीकडे कळतं.

संप लागला तेव्हा माझी खानावळ होती. जेवणारे निम्मे गडी गावाला गेले, उरलेले उधारीवर जेवू लागले. दत्ताराम गावाला गेला नाही. लोकांचे पंखे, इस्त्र्या, मंडळांचे कर्णे दुरुस्त करत राहिला. मग एका लाऊडस्पीकरवाल्याने धंदा आवरला, त्याच्याकडून ह्याने टेप-डेक, बटणांचा मिक्सर आणि दोन माईक घरी आणले. भिंतींना गोधड्या ठोकल्या, दाराला घोंगडी लावली. "ह्यो धंदो येड्याचो," असं मी त्याला तोंडावर सांगितलं. माझं तोंड फटकळ आहे, त्याला सवय होती. तो नुसता हसला.

त्याची बायको कालिंदी मात्र माझ्या उलट, चार प्रश्न विचारावेत तेव्हा एक उत्तर. संप लागला त्या दिवशी तिने देवघरात, गावच्या रवळनाथाच्या फोटोपुढे, झिरोचा लाल बल्ब लावला आणि नवस बोलली. आमच्या गिरणीचा भोंगा वाजेपर्यंत हा दिवा विझवायचा नाही. तेलाचा अखंड दिवा परवडण्यासारखा नव्हता, फोडणीलाच तेल पुरत नव्हतं. कधी लाईट गेलीच, तर ती निरांजन लावून लाईट येईपर्यंत त्याच्यापुढे बसून राहायची. एकदा मात्र बल्बच उडाला. दुसरा आणून लावला तरी त्या दिवशी ती जेवली नाही.

ते बघून दत्तारामने एक काम केलं. पंख्याचा नव्या पद्धतीचा रेग्युलेटर मिळवला आणि देवघराच्या फळीखाली दिव्याला जोडला. दिवा मंद जळावा, म्हणजे बल्ब वर्षानुवर्षं टिकेल. आमच्या चाळीत एवढं बायकोचं मन सांभाळणारा दुसरा पुरुष मी पाहिला नाही. माझ्या घरातलाही त्यात आला.

रेकॉर्डिंगची खोली सुरू झाली तशी पहिल्याच टेपमध्ये मागे घूंऽऽ असा जाड आवाज आला. तो दत्तारामने स्वतःच शोधला. टेपची आणि मिक्सरची अर्थिंग दोन वाटांनी जात होती, ती त्याने एका वाटेने केली, माईकच्या वायरी लाईटच्या वायरींपासून लांब नेल्या, आणि घूं गेलं. त्या दिवशी त्याने मला अर्थिंग म्हणजे काय ते समजावलं. माझी भाजी करपली तरी त्याचं समजावणं संपेना.

पुढे हरेश्वर आला. वरळी कोळीवाड्यातला माणूस, दादरला त्याचं कॅसेटचं दुकान. आम्हा चाळीतल्या बायकांची गौरीची गाणी त्याला गणपतीच्या आधी बाजारात आणायची होती. पुढे गाणारी कालिंदी, मागे आम्ही. एरवी न बोलणारी ही बाई गायला लागली की जिन्यातले लोक थांबायचे. टेप झाली, हरेश्वर घेऊन गेला, आणि परत घेऊन आला.

"दत्तारामभाऊ, गाणी झकास आहेत. पण मागे सारखी चिरचिर येते. रातकिडा बसल्यासारखी."

दत्तारामने टेप लावली, कान दिला. त्याला काही ऐकू येईना. साचेखात्यात उमेदीची वर्षं काढलेल्या माणसांचे कान तसेच होतात. जाड आवाज कळतो, बारीक कळत नाही. म्हणून तर ही माणसं घरात बोलली तरी भांडल्यासारखी वाटतात. मग त्याने हेडफोन कालिंदीच्या कानाला लावला.

"आसा काय गो?"

"आसा," कालिंदी म्हणाली.

गिरणीत फॉल्ट शोधायची रीत अशी, की आधी मेन स्विच बंद करायचा आणि मग एकेक गोष्ट चालू करत जायची. पण घरातला मेन बंद केला तर देवाचा दिवा विझणार. तेव्हा दत्तारामने रीत उलटी केली. मेन चालू ठेवून एकेक गोष्ट बंद करत गेला. ट्यूब बंद केली, पंखा बंद केला, रेडिओची पिन काढली. "आसा?" "आसा." मग त्याचा संशय शेजाऱ्यांवर गेला. माझा वाटणाचा मिक्सर, काशीबाईचा पंखा, वरच्या मजल्यावरच्या दौलतचा टीव्ही, एका दुपारी त्याने सगळं बंद करायला लावलं. आम्ही पदराने वारा घेत बसलो आणि दौलत गॅलरीतून शिव्या घालत राहिला. "आसा?" "आसा."

त्याने सगळ्या वायरी बदलल्या. मिक्सर डोक्यावर घेऊन लॅमिंग्टन रोडला एका ओळखीच्या कारागिराकडे नेला. तिथे तो मुकाट चालला, चिरचिर नाही की काही नाही. घरी आणल्यावर पुन्हा तेच. "म्हणजे ह्याच खोलीत काय तरी आसा," तो म्हणायचा आणि बोटांवर मोजायचा, ट्यूब, पंखा, रेडिओ, इस्त्री. देवघरातला दिवा त्या मोजणीत कधी आला नाही. माझ्याही डोक्यात आला नाही. आमच्या घरांत देवाचा दिवा हा फुलं, हळदकुंकू, उदबत्ती यांच्यातला असतो. त्याला वायर असली म्हणून काय झालं?

दुसरी टेपही तशीच निघाली. हरेश्वर भला माणूस, पण गणपती तोंडावर आलेले. "उद्या शेवटचं बघू," तो म्हणाला. "नाय जमलं तर ह्या बायांना मी माहीमच्या स्टुडिओत नेतो. वाईट वाटून घेऊ नका." त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून दत्तारामचा आवाज आला. हे काम गेलं तर पुढे कोण विश्वास ठेवणार, खोली विकू आणि गावाला जाऊ, असं तो कालिंदीला सांगत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बायका जमलो. दत्ताराम जमिनीवर वायरींत वाकून बसला होता. मी सहज खिडकीकडे पाहिलं, तर रेडिओ तिथे. आधी तो देवघराखालच्या फळीवर असायचा, सकाळची भजनं लावायला.

"रेडिओ खिडकीत कित्याक गो?" मी विचारलं. विचारण्यात काही अर्थ नव्हता, गप्प बसवत नाही म्हणून विचारलं.

कालिंदीचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "थंय ठेवलो की चिरचिरता, वैनी."

दत्तारामने मान वर केली. "खंय ठेवलो की?"

तिने देवघराकडे बोट दाखवलं. तो उठला. फळीखालचं रेग्युलेटरचं बटण त्याने पाहिलं, त्याच्यातून वर गेलेली वायर पाहिली, वरचा मंद लाल दिवा पाहिला. त्याला समजलं. चिरचिर त्या रेग्युलेटरची होती, वायरींतून टेपमध्ये शिरत होती, आणि तो रेग्युलेटर त्याने स्वतःच्या हाताने बसवला होता.

"तुका कधीपासून म्हायत?"

"गौरीच्या पयल्या टेपेपासून."

मला असा राग आला! "अगो बाय, सगळ्या चाळीक घामान न्हाणलंस, नवऱ्याक डोक्यार मिक्सर घेऊन फिरवलंस..." मी सुरूच झाले. दत्ताराम म्हणाला, "वैनी, गप रव." आणि तिच्याकडे वळून, कधी नव्हे त्या हलक्या आवाजात, "रेग्युलेटर काढलो तर बल्ब परत उडतलो. रेकॉर्डिंगाच्या येळाक निरांजन लाव. दिवो बंद करूया. नवस मोडाचो नाय."

मला ते शहाणपणाचं वाटलं. कालिंदीने मान हलवली.

"रोज रेकॉर्डिंग येताला, रोज दिवो इझवतलंय, परत पेटवतलंय. माका देवाक फसवूचा नाय." मग ती म्हणाली, "गिरण आता चालू होवची नाय. तुमकाव म्हायत आसा, माकाव म्हायत आसा."

संप कुणी मागे घेतला नव्हता. त्यामुळे आमच्या घरांतून तो अजून चालूच होता, आणि गिरणी आता चालू होणार नाही हे आमच्यात तोवर कुणी उघड बोललं नव्हतं. मघाशी ओरडले त्याची मला लाज वाटली.

"मी बंद करतंय," दत्ताराम म्हणाला.

"नको. मीच पेटवलंय."

तिने हात धुतले, देवाला हळदकुंकू वाहिलं, डोकं टेकवलं आणि बटण बंद केलं. देवघरात अंधार झाला. मग ती येऊन बसली आणि तिने हेडफोन कानाला लावला. दत्तारामला स्वतःला काही कळणार नव्हतं, म्हणून तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"आसा?"

ती पुष्कळ वेळ ऐकत राहिली.

"नाय," ती म्हणाली.

पहिल्या गाण्यात तिचा आवाज फुटला. दत्तारामने टेप मागे घेतली आणि "परत" एवढंच म्हणाला. दुसऱ्या खेपेला ती अशी गायली की मागे साथ धरायचं आम्ही विसरलो आणि तिसऱ्यांदा घ्यावं लागलं. नंतर हरेश्वर आला, त्याने तिथेच बसून टेपच्या दोन्ही बाजू ऐकल्या, टेप पिशवीत घातली आणि नवरात्रातल्या भोंडल्याच्या गाण्यांचं काम दत्तारामलाच सांगून गेला.

तिन्हीसांजेला मी तिच्याकडे वाटी परत द्यायला गेले. तिने साधी समई लावली होती, दोन वातींची. ती हात जोडून उभी होती आणि दत्ताराम तिच्या मागे.

"काय मागलंस?" त्याने विचारलं.

"इतकी वर्सां गिरण मागलंय," कालिंदी म्हणाली. "आज तुमची ही खोली मागलंय."

दत्ताराम समईजवळ खाली बसला, आणि वाती आपसूक विझेपर्यंत तिथून हलला नाही.