मधली धार

घणसोलीत वाढलेल्या प्रत्येक मुलाने एकदा तरी आमच्या डॉक्टरांच्या देखत शू केलेली आहे. न केलेल्याला घणसोलीकर म्हणू नये, असं माझं मत आहे. पाटीवर 'बालरोगतज्ज्ञ' असलं तरी रिक्षावाल्याला 'शूवाले डॉक्टर' सांगितलं की तो गावठाणातल्या बरोबर त्याच गल्लीच्या तोंडाशी सोडायचा.

सर्दी-खोकला नसताना मुलाला ताप आला की त्यांचा एकच प्रश्न, "शू तपासली?" हा प्रश्न ते लग्नाच्या पंगतीतही, समोर मठ्ठा वाढला जात असताना विचारत. नमुन्याचं सोवळं तर विचारूच नका. पहिली धार सोडायची, मधली धरायची, तीही वरच्या वर. कोणी शू धरायला बाळाला चिकटवायची पिशवी आणली तर "पिशवी भाजीला न्या" म्हणून परत पाठवत. एका इंजिनिअर बापाने डायपर पिळून बाटली भरून आणली होती. डॉक्टरांनी ती उजेडात धरून विचारलं, यात बाळाचं काही आहे का? बाप म्हणाला, "सर, डायपर ब्रँडेड आहे."

माझी नात आठ महिन्यांची असताना तापाने फणफणली. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच निदानं आली. दात, दृष्ट, एसी, सूनबाईने खाल्लेलं आइस्क्रीम. मी पडले मुद्देसूद बाई. सगळं ओळीने लिहून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्या कागदाची घडी करून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारली. बाकावरची गावातली एक आजी म्हणाली, "दाताचाच ताप हाय. कोनीपन सांगंल."

"आजी, दात वरून येतायत," डॉक्टर म्हणाले. "ताप कुठून येतोय ते खाली विचारू."

नात सुनेच्या खांद्यावर मलूल पडली होती. मी म्हटलं, आधी औषध द्या, शू मागाहून बघू. तेव्हा त्यांचा आवाज एकदम खाली आला. "ताई, औषध आधी गेलं की जंतू लपतो. मग ताप कशाचा ते कळत नाही, आणि भोगते ती किडनी." थोड्या वेळात नाहीच झाली तर नळी घालून घेऊ, थांबणार नाही, असंही त्यांनी सांगितलं.

मग सुनेने दूध पाजलं, नातीला खालून स्वच्छ धुतलं, माझ्या मुलाने तिला काखेत हात घालून अधांतरी धरलं. डॉक्टरांनी बेसिनचा नळ सोडला आणि गार ओल्या कापसाने तिचं ओटीपोट चोळायला बसले. सगळा दवाखाना, आजीसकट, "शूऽ" करू लागला. कंपाउंडर मधेच उठून बाथरूमला जाऊन आला. मी खाली बाटली धरून उकिडवी. "होईल," डॉक्टर नातीला म्हणाले. "मी बसलोय इथे."

पहिली धार त्यांच्या बाहीवर गेली, मधली माझ्या बाटलीत आली. औषध तिथल्या तिथे सुरू झालं. दोन दिवसांनी शूच्या कल्चरचा रिपोर्ट आला, जंतुसंसर्गच होता. तोवर नात खिदळायला लागली होती. दात त्यानंतर दीड महिन्याने आला.

आता ती शाळेत जाते. डॉक्टरांनी दवाखाना बंद केलाय. परवा मी साखर तपासायला लॅबमध्ये गेले, तर ते बाकावर बसलेले, हातात रिकामी बाटली. प्रोस्टेटचं दुखणं. दोनदा आत जाऊन तसेच परत आले होते, आणि काउंटरवरची मुलगी "काका, झालं का?" म्हणून सगळ्यांदेखत विचारत होती. डॉक्टर माझ्याकडे बघून हसले, पण बाटली रुमालाखाली लपवली.

मी उठले आणि बाथरूमच्या दाराशी असलेल्या बेसिनचा नळ सोडला.

"जा तुम्ही आत," म्हटलं. "मी बसलेय इथे."