पोचट कणसांचा आगेरा

भायखळ्याच्या स्टेशनावर आमच्या ह्यांनी कल्याणची तिकिटे काढली ती तोंड पाडूनच. कल्याणच्या मालधक्क्यावर कारकुनाची एक जागा रिकामी होती आणि साहेबाने सोमवारी सकाळी भेटायला बोलावले होते. आम्ही शनिवारीच निघालो, कारण रविवारी आगगाडीत बसणे ह्यांच्या नेमात बसत नाही.

वाचकांना सांगितले पाहिजे की हे उपदेशक. बाजारात, धर्मशाळेत, झाडाखाली, जिथे चार माणसे थांबतील तिथे उभे राहून शुभवर्तमान सांगायचे. ऐन पावसाळ्यात आमची लेक रिबका पटकीने गेली, आणि तेव्हापासून ह्यांनी प्रार्थनेला तोंड उघडले नाही. जेवणापूर्वी देवाचे आभार मानणेही थांबले. कल्याणची जागा मिळाली की आपल्या ख्रिस्ती मंडळीला ‘मला मोकळे करा’ असे सांगायचे ठरले होते. प्रार्थना सुटली, उपदेश सुटत आला, रविवारचा नेम तेवढा सुटला नव्हता. पुरुषांचे गणित मला कधी कळले नाही.

मला कारकुनीचे वावडे नव्हते. पण हे रिबकाचे नावही काढीत नसत, आणि त्यांच्यासमोर ते काढायची मलाही चोरी झाली होती. पोर माझीही होती. घरात प्रार्थना सुरू झाली तर तिचे नाव पुन्हा ऐकू येईल, एवढीच माझी आशा होती.

बायकांच्या डब्यात माझ्याशेजारी सुक्या बोंबलांची टोपली आणि टोपलीमागे रोजाबाय. ठाण्याच्या खाडीकाठची, पोर्तुगीज अमदानीपासूनच्या ख्रिस्ती घरातली. माझे कपाळ मोकळे पाहून तिने ओळखले.

“किरिस्तांव ना गो तू? मग नाकाला पदर कंला लावतंस?”

मी पदर सोडला. पुढल्या दोन स्टेशनांत मला वासाची सवय झाली आणि तिला माझ्या घरची सगळी हकीकत कळली. ठाण्याला इंजिनाने अंग टाकले. ‘आज गाडी जात नाही’ असे स्टेशनमास्तर सांगू लागले, तेव्हा रोजाबायने आमचे गाठोडे आपल्या टोपलीवर चढवले आणि चालू लागली. गाठोड्यामागे जाण्यावाचून आम्हाला गत्यंतर नव्हते.

वाटेत मोठे तळे लागले, काठावर त्यांची जुनी इगर्ज (प्रार्थनामंदिर), आणि पुढे खाडीकडे उतरणारी खारवट शेते. रोजाबायच्या घरी भिंतीवर मूर्ती, मूर्तीपुढे मेणबत्ती. आमच्या प्रॉटेस्टंट पंथाला हे चालत नाही, म्हणून हे भिंतीकडे पाठ करून बसले. मग तिने प्रेमाने ताडीचा पेला पुढे केला, तेव्हा हे इतके दचकले की पुन्हा मूर्तीकडे तोंड झाले. तांदळाची भाकर आणि बोंबलांचे आंबट कालवण मात्र आम्ही दोघेही पोटभर जेवलो.

रविवारी त्यांचा आगेरा (नव्या पिकाच्या आशीर्वादाचा सण) होता. ह्या दिवशी घरोघरची माणसे नव्या भाताच्या कणसांची जुडी घेऊन वाजतगाजत इगर्जीत जातात, पाद्री आशीर्वाद देतो, आणि ती कणसे पुढल्या आगेऱ्यापर्यंत दारामागे टांगून ठेवतात. पण ह्या साली उधाणाच्या भरतीने खाडीचा बांध फुटला होता. खारे पाणी शेतात शिरले. भात उभे होते, पण कणीस चोळले की हातात नुसते फोल येई.

अंगणात रोजाबाय आणि तिचा दीर पास्कू यांची जुंपली होती.

“वयनी, यात दाना नाय. देवाफुडं पेंढा न्यावाचा? लाज वाटतंय मना.”

“दाना त्यानंच नाय दिला, मग लाज तुना कंला?” रोजाबाय जुडी बांधताबांधता म्हणाली. “जे हाय ते न्यावाचं. त्याला पन बगू दे.”

“आनि पाद्री हसला तर?”

“हसू दे. रुसून घरात बसलू त भात येल काय?”

पास्कूला पटेना. त्याने आमच्या ह्यांच्याकडे वळून विचारले, “बाबा, तुमी धर्माचं मानूस. सांगा, असला पोचट देवाला चालतंय का?”

सगळे अंगण ह्यांच्याकडे पाहू लागले. एरवी असल्या प्रश्नाला ह्यांनी तासभर उत्तर दिले असते, वर शास्त्रातली वचने दिली असती. हे खाली बघून म्हणाले, “मला ठाऊक नाही.” मला इतके वाईट वाटले की मी उगीच विहिरीकडे पाणी आणायला गेले.

शेवटी जुड्या निघाल्या. पुढे ढोल आणि कुरकुरणारे एक फिड्डल (व्हायोलिन), मागे माणसे. वारा आला की भरल्या कणसाचा जड आवाज होतो तसा नव्हता, कोरडी सळसळ होती. पाद्री हसला नाही. भरल्या कणसांवर शिंपडावे तसेच त्याने पाणी शिंपडले आणि नेहमीच्याच प्रार्थना म्हटल्या. मी दारातूनच पाहत होते. हे तळ्याच्या पायरीवर बसले होते, पण दाराकडे तोंड करून.

सोमवारी निघताना रोजाबायने त्यातलीच मूठभर कणसे मला बांधून दिली. “दारामागं टांग गो.”

“हे असले आपल्यात नसते,” हे गाडीत चढण्यापूर्वी पुटपुटले.

खाडीवरचा पूल, मुंब्र्याचा डोंगर, डोंबिवलीकडची गवताळ शेते, आणि कल्याण. स्टेशनाबाहेर टांगा केला. मालधक्क्याशी उतरताना मी कणसे बैठकीवर ठेवली आणि चप्पल शोधू लागले. टांगेवाल्याने घोड्याच्या तोंडापुढे घालायला ती कणसे सहज उचलली. घोड्याने निम्मी जुडी ओढून घेतली सुद्धा.

“अरे, अरे! सोड!” हे धावले. अंगरखा, उपरणे, उपदेशकाची सगळी प्रतिष्ठा बाजूला ठेवून त्यांनी घोड्याच्या दातांतून कणसे ओढायला सुरुवात केली. धक्क्यावरचे हमाल गोण्या टाकून पाहू लागले.

“रावसाहेब, पेंढा हाय त्यो,” टांगेवाला म्हणाला. “दाना कुठं हाय त्यात?”

“नसू दे!” हे ओरडले. त्यांचा आवाज फाटला होता. “नसू दे दाणा. आमचा आहे तो.”

हातात चारपाच ओली, चावलेली कणसे उरली. ती उपरण्याच्या टोकात बांधून हे साहेबाकडे गेले. मी टांग्यापाशी उभी राहून रडले आणि घोड्याच्या मानेवर हातही फिरवला. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

हे बाहेर आले. “जागा देतो म्हणाला.”

“मग?”

“कळवतो म्हटले.”

दुपारी एका खानावळीच्या ओट्यावर आम्हाला पान वाढले, बाहेरच; पाणीही उंचावरून ओतले. आम्हा ख्रिस्ती लोकांना त्याची सवय आहे. आमटी झकास होती. कल्याणचे तळे, खाडीतली गलबते, किल्ल्याचे पडके बुरूज, हे सगळे पाहिले, पण वाचकांनी क्षमा करावी, माझे लक्ष त्या उपरण्याच्या गाठीकडे होते.

दुसऱ्या दिवशी घरी पोहोचलो. प्रवासाने माणूस शहाणे होते म्हणतात, माझे फक्त पाय सुजले. पण एक गोष्ट मी ठाण्याहून घेऊन आले. दुःखाच्या दिवसांत आपण आधी सावरावे, रिकामे मन पुन्हा भरावे, मग देवापुढे जावे, असे मी समजत होते, आणि ह्यांच्याकडूनही त्याचीच वाट पाहत होते. रोजाबायने तशी वाट पाहिली नाही.

मी भात वाढला. ह्यांनी दारामागे खिळा ठोकला, कणसे टांगली, हात धुतले आणि पाटावर येऊन बसले. घास घेतला नाही. मीही थांबले.

“प्रभू,” हे म्हणाले. “आमची रिबका तू नेलीस. ते मला पटलेले नाही. ती फार हसायची. आज भात दिलास, त्याबद्दल आभार. माझ्याकडे आणखी काही नाही.”

कल्याणच्या साहेबाला दुसरा कारकून शोधावा लागला. पण ते नंतरचे. त्या वेळी मी ‘आमेन’ इतक्या मोठ्याने म्हणाले की शेजारीण दारात येऊन विचारून गेली, काय झाले म्हणून.