शेवटचे साडेचार फूट

"हा चोवीस फुटांचा नाही, गार्थ."

"अगं, बाजूला एवढा ढळढळीत आकडा रंगवलाय. वाच ना."

"वाचलाय. ते त्याचं नाव आहे. तुझ्या भावाला अख्खं गाव शेरीफ म्हणतं, म्हणून त्यानं आजवर एक तरी चोर धरलाय का?"

"भावाला मध्ये आणू नकोस."

"मी कशाला आणू? हा घेतलास तर आपणच जाणार आहोत त्याच्याकडे, त्याच्या परसात राहायला. मग रोज सकाळी त्याची बायको लारू खिडकीचा पडदा सारून बघणार आणि म्हणणार, अजून आहेत वाटतं."

मार्वा टोलमन गाडीमागं ओढून न्यायच्या घराच्या, ट्रेलरच्या दारात उभी होती, एक पाय आत आणि एक पायरीवर. तिचा नवरा गार्थ पार मागच्या टोकाला होता. तिथं निजायला वर-खाली दोन अरुंद बंक होते आणि त्यातल्या खालच्यावर तो बूट घालूनच आडवा झाला होता. विक्रीच्या आवारात एप्रिलचा वारा सुटला होता. रांगेनं उभ्या केलेल्या ट्रेलरांची दारं मधूनमधून आपटत होती. विकणारा लॉनी कॉफीचा कागदी पेला धरून बाहेरच थांबला होता. नवरा-बायकोच्या भांडणात तोंड घालायचं नसतं, हे त्या धंद्यात तो पहिल्याच वर्षी शिकला असणार.

पण मार्वानं त्यालाच धरलं. "लॉनी, पुढच्या दांड्याच्या टोकापासून मागच्या बंपरपर्यंत किती भरतो हा?"

"मॅडम, आतली खोली चोवीसच आहे..."

"खोली नाही विचारली. डोंगरातून काय नुसती खोली ओढत नेऊ?"

लॉनीनं कॉफीचा एक घोट घेतला. "साडेएकोणतीस."

"ऐकलंस?"

"ऐकलं," गार्थ बंकवरून म्हणाला. "माझे पाय पुरतायत इथं. तिचे तर आरामात पुरतील."

मार्वा पायरीवरून खाली उतरली आणि पाठ फिरवून उभी राहिली.

ती म्हणजे कोण, हे लॉनीला कळायचं काही कारण नव्हतं. त्यांच्या गावात, ब्लॅकफुटमध्ये मात्र कुणालाही कळलं असतं. तिथं सगळ्यांनाच सगळं ठाऊक. गाव बटाट्याचं, गप्पाही बटाट्याच्या, आणि बटाट्याच्या गप्पा संपल्या की टोलमनांच्या पोरीच्या, टॅरिनच्या.

मार्वानं आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. पिवळी, चाळीस फुटी. कालव्याकाठचे रस्ते, जानेवारीत काचेसारखे गुळगुळीत झालेले. आणि मागं एकमेकांच्या टोप्या पळवणारी पोरं. आरशात बघून ओरडायचं, पुढं बघून चालवायचं. एकदा हिमवादळात बस अडकली, तेव्हा तिनं पोरांना सीटवर दाटीवाटीनं बसवलं, इंजिन चालू ठेवलं, आणि बर्फ हटवणारी गाडी येईपर्यंत त्यांच्याकडून पाढे म्हणवून घेतले. ती पोरं आता मोठी झालीत. दुकानात भेटली की अजून म्हणतात, मिसेस टोलमन, सात आठे छप्पन्न. त्या बसमध्ये तिच्या पाठीमागची पहिली सीट टॅरिनची असायची. आईची मान दिसते म्हणून तिला तीच हवी असे.

टॅरिन मोठी झाली आणि बटाट्याच्या कारखान्यात लागली. तिथं पाठ मोडली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मग डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि टॅरिननं केल्या नाहीत. पुढचं सांगायला नको. उपचारांच्या केंद्रांपायी घर गहाण पडलं, एकदा आणि मग पुन्हा. शेवटी विकावंच लागलं. चर्चच्या बायका मयताच्या घरी नेतात तसे बटाटा-चीजचे भाजलेले थाळे घेऊन आल्या. घर गेलं म्हणून न्यायचं काय, याचा निराळा पदार्थ कुणाला ठाऊक नव्हता. मार्वानं सगळ्यांचे आभार मानले आणि थाळे धुऊन परत केले. मे संपायच्या आत घर रिकामं करून द्यायचं होतं.

मग तिनं एक जागा शोधून काढली. ऑटर हॉलोच्या जंगलातलं कॅम्पग्राउंड. तिथं उन्हाळाभर राखणदार जोडपं लागतं. संडास साफ ठेवायचे, लाकूडफाटा विकायचा, रात्री गाणी वाजवणाऱ्यांना गप्प करायचं. बदल्यात ट्रेलर उभा करायला फुकट जागा, वीज, नळ आणि थोडासा पगार. हिवाळ्यात खाली वाळवंटात उतरायचं, उन्हाळ्यात परत वर. कुणाच्या परसात नाही, कुणाच्या खिडकीखाली नाही. तिथला कारभार बघणारी कोरिन तिला फोनवर म्हणाली होती, "जागा तुमचीच, मार्वा. अट एकच. पंचवीस फूट, नाकापासून शेपटीपर्यंत. गेल्या वर्षीचं जोडपं अठ्ठावीसचा घेऊन आलं. त्यांच्या छताचा कोपरा अजून पाइनच्या झाडावर लटकतोय. मी काढला नाही, लोकांना दाखवायला बरा पडतो."

आता नेमकी मेख इथंच होती. आवारात शेजारीच एक दुसरा ट्रेलर उभा होता, सगळा धरून बावीस फुटांचा. एक पलंग, दोघांपुरतं टेबल, दोन बर्नरची शेगडी. मार्वाला तो पहिल्या नजरेत पटला. गार्थ त्याच्या आतही गेला नाही.

"सार्डिन मासळीचा डबा आहे तो," तो म्हणाला.

"आपण दोनच सार्डिन आहोत."

"आज दोन आहोत."

लॉनी खाकरला. कोरिनला संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. एकोणीस फुटांचा ट्रेलर असलेलं दुसरं एक जोडपं तिच्याकडे खेपा घालत होतं.

शेवटी गार्थ बंकवरून उठला. गुडघे चोळत म्हणाला, "जागा तरी बघून येऊ. पंचवीस म्हणजे काही पंचवीसच नसतं. सरकारी माणसं नेहमी हातचं राखून सांगतात."

ते दोघं डोंगराकडे निघाले. पिकअपच्या मागं घडीच्या खुर्च्या खडखडत होत्या. घरातून काढलेल्या सामानातल्या. एका गाडीपुरता पूल आला, त्यानंतर एक अरुंद वळण. मार्वानं मनातल्या मनात तिथून साडेएकोणतीस फूट ओढून पाहिले. बसची गोष्ट वेगळी, बस आपल्या अंगानं वळते. ट्रेलर मागून येतो आणि कोपरा कापतो. कापायला इथं एका बाजूला कडा होता, दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं.

कोरिन वरच होती, हिवाळ्यात पडलेली झाडं करवतीनं कापत होती. करवत तशीच चालू ठेवून तिनं नुसती मान हलवली आणि राखणदाराच्या जागेकडे बोट दाखवलं. जागा सुरेख होती. खडी टाकलेला पट्टा, डाव्या-उजव्या बाजूला एकेक पाइन, मागच्या टोकाला कंबरेएवढा दगड, आणि दगडापलीकडं थेट ओढ्यात उतरणारा उतार. उतारावर अजून मळकं बर्फ होतं.

गार्थनं टेपचं टोक तिच्या हातात दिलं. "रस्त्याच्या कडेला धर. हा आपला दांडा."

मग तो टेप ओढत मागं गेला आणि एकेक खुर्ची मांडत राहिला. "हा आपला पलंग. ही शेगडी. इथं सोफा. इथं संडास, त्याचं दार जरा घट्ट आहे, मी घासून देईन." नाटकाचा सेट लावावा तसा तो तन्मय झाला होता. खुर्च्यांची रांग दगडापाशी संपली. एक उरली. ती घेऊन तो दगडाला वळसा घालून गेला, उतारावर बर्फात रोवली आणि तिच्यावर बसला. खुर्चीचे मागचे पाय हळूहळू खचू लागले.

"आणि हा टॅरिनचा बंक," तो म्हणाला.

"तू दगडाच्या पलीकडे बसलायस, गार्थ."

"ओढ्याचा आवाज येतो इथं. तिला झोप लागेल."

"मधे दगड आहे."

"हलवू."

"तो इथं तुझ्या-माझ्या आधीपासून आहे."

"मग तिरका लावू."

"तिरका लावला तर पुढचं टोक रस्त्यात जाईल. पहिल्याच शनिवारी कुणीतरी गाडीमागं होडी ओढत येईल आणि आपलं स्वयंपाकघर घेऊन जाईल."

तो हसला नाही. एरवी हसला असता. खुर्ची आणखी कलली, तसा त्यानं एक बूट बर्फात टेकवला. "चाळीस फुटी बस वळवायचीस तू. साऱ्या जिल्ह्याची पोरं पोचवलीस घरी. आता साडेचार फुटांपाशी अडलं होय?"

"माझं वळवण्यापाशी अडलेलं नाही."

"मग?"

मार्वा टेप गुंडाळू लागली. टेप ओला होता, मधेच अडकत होता.

"मघाशी लॉनीला काय म्हणालीस?" गार्थनं विचारलं. "मी बंकवर होतो, पण कान उघडे होते. त्या बावीसमधलं टेबल खाली पाडलं की पलंग होतो, असं तो सांगत होता. तू म्हणालीस, ते काढून कपाट बसवून दे. कपाटात काय ठेवणार आहेस? आपल्याकडे राहिलंय काय?"

तिनं टेपला हिसका दिला.

"एका माणसाला आडवं होता येईल एवढीही जागा नकोय तुला. लांबीचं मला सांगू नकोस. पुलाचं नको, वळणाचं नको. मला एवढंच सांग, ती आली तर कुठं निजेल?"

"ती आली होती," मार्वा म्हणाली.

"कुठं?"

"फोनवर. मार्चमध्ये. तू गुडघा दाखवायला गेला होतास."

गार्थनं दोन्ही हात मांड्यांवर ठेवले. "काय म्हणाली?"

"बोइसीला एका घरात आहे म्हणाली. तिच्यासारख्याच बायकांचं घर. सगळं सोडलंय म्हणाली. आवाज बरा होता. तिथली मुदत संपत आली होती. म्हणाली, मॉम, एखादा कोपरा मिळेल का, मी आडवी येणार नाही."

"आणि?"

"मी म्हणाले, घर गेलं. आम्ही ट्रेलर घेतलाय. लहान आहे. जागा नाही."

वर करवत एका जाड बुंध्यात घुसली आणि तिचा आवाज बसला. गार्थनं मान वर केली.

"मार्चमध्ये आपण कुठला ट्रेलर घेतला होता?"

"नव्हता घेतला."

"मार्वा."

"ऐक ना. मागच्या वेळेला तिला दाराबाहेर मी काढलं. तुझ्या गोळ्या गेल्या, माझ्या अंगठ्या गेल्या, गादी जळाली, तरी तू म्हणत होतास, सकाळी बोलू. तू गाडीत जाऊन बसलास. तिची पिशवी मी बाहेर ठेवली. ती दारात बसून राहिली आणि मी आतून कडी धरून उभी होते, बोटं बधिर होईपर्यंत. ते दुसऱ्यांदा माझ्याच्यानं होणार नाही. जागाच नसली की काढावं लागत नाही रे. नुसतं मापावर बोट ठेवायचं. बघ बाई, बावीस फूट आहे."

तिनं टेपचं टोक घट्ट धरलं.

"नंबर दे त्या घराचा," गार्थ म्हणाला.

"मी लावला होता. मागच्या आठवड्यात. वाटलं, खोटं बोलले ते तरी सांगावं. उन्हाळ्यापुरतं काही जमतंय का बघावं."

"मग?"

"ती तिथून गेली. मुदत संपायच्या आधीच. कुठं गेली, त्यांना माहीत नाही."

गार्थ उठला. उठताना खुर्ची मागं कलंडली आणि उतारावर आडवी झाली. तो दगडाला वळसा घालून वर आला. सोफ्याच्या, शेगडीच्या, पलंगाच्या खुर्च्या मधे होत्या. त्या न हलवता तो त्यांच्या कडेनं चालत आला, जणू भिंती आधीच उभ्या होत्या. तिच्या अगदी जवळून गेला. तिनं त्याची बाही धरायला हात पुढं केला, पण टेप हातातून सुटून खडीवर उलगडत गेला आणि ती तिथंच थांबली.

करवत बंद झाली. झाडांतून कोरिनचा आवाज आला. "काय मग, बसतोय का? सांगा म्हणजे मी त्या दुसऱ्यांना नाही म्हणून टाकते."

"गार्थ," मार्वा म्हणाली. "कोरिनला काय सांगू? बावीस की साडेएकोणतीस?"

तो पिकअपकडे वळला नाही. रस्त्यानं खाली पुलाच्या दिशेनं लंगडत निघाला.

"गार्थ, मोठा घेऊ का? मोठा घेऊन दुसरीकडे कुठंतरी जाऊ. तू म्हणशील तिकडे. बोइसीला जाऊ. गार्थ, काहीतरी बोल."

तो वळणाशी पोचला आणि मागं न बघता कड्याआड गेला.