पाय धुऊन ये

ही हकिगत सांगायची मी अकरा वर्षं टाळली. कुणी कासार आंबोलीच्या शिबिराचा विषय काढला, की मी चष्मा पुसायला घ्यायचो. आता एक्याऐंशी पूर्ण झाली. पुसलेल्या चष्म्यातूनही फारसं दिसत नाही, तेव्हा लिहून टाकतो.

मागच्या श्रावणात मी पुण्याहून रिहे गावाला गेलो. मुलीला म्हटलं, जुन्या ओळखीच्या माणसाला भेटून येतो. खिशात घडी घातलेला एक कागद होता. त्यावर चार ओळी होत्या, बोलताना धीर सुटला तर वाचून दाखवता याव्यात म्हणून.

पौडची बस भूगावच्या पुढे गेली आणि मी खिडकी लावून घेतली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "आजोबा, बरं वाटत नाही का?"

"थंडी वाजतेय."

बसमध्ये सगळे घामाघूम झाले होते. बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पिशवीतून आवळासुपारी काढून हातावर ठेवली. उतरेपर्यंत त्यांनी माझी काठीही धरून ठेवली.

घोटावडे फाट्यावर उतरलो. तिथून कासार आंबोली जवळ. आधी शिबिराचा बंगला बघावा, असं घरून ठरवून निघालो होतो. प्रत्यक्षात त्या बाजूला मानही वळवली नाही.

तिथंच आमचं शिबिर झालं होतं. मी आमच्या चर्चच्या मंडळीचा पाळक होतो. विषय होता, पुढाऱ्यानं सेवक व्हावं. ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता. शेवटच्या दुपारी, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, मी बारा जणांचे पाय धुणार होतो. आमच्यात एक रीत पडली आहे, ती आम्ही बाहेर सांगत नाही. ज्यांचे पाय धुवायचे असतात ते घरूनच टाचा घासून, नखं कापून, नवे मोजे घालून येतात. पाळकाच्या हाताला खरी घाण कधी लागत नाही.

त्या दिवशी बारा जणांतले एक वडीलजन आले नाहीत. खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून मी शांतवनला हाक मारली. शांतवन आमच्या चर्चची झाडलोट करायचा, घंटा वाजवायचा. शिबिरात सकाळपासून पाणी भरत होता. तो संकोचत येऊन बसला. मी खाली पाहिलं. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा, त्यांत चिखल, वर चुलीची राख. मी गुडघ्यांवर बसलो होतो, खांद्यावर पांढरा टॉवेल, कॉलरला माइक.

मी म्हणालो, "शांतवन, आधी पाय धुऊन ये रे."

सगळे हसले. मीही हसलो. तो उठून मागच्या विहिरीवर गेला, शेवाळलेल्या पायरीवरून घसरला आणि त्याचं मांडीचं हाड मोडलं.

विहिरीवर कुणी जायचं नाही, अशी बंगल्याच्या मालकाची ताकीद होती. महिन्याभरानं चर्चच्या कमिटीनं विचारलं, याला पाठवलं कुणी? मी म्हणालो, "आपल्या मनानं गेला." माइकवरचं माझं बोलणं ज्यांनी ऐकलं होतं त्यांतलं कुणी तोंड उघडलं नाही. शांतवन कुबड्या घेऊन दाराशी उभा होता. त्यालाही विचारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "व्हय, माझ्याच मनानं."

इतिवृत्तात 'निष्काळजीपणा' हा शब्द मी माझ्या हातानं लिहिला. त्याचं काम गेलं, चर्चच्या मागची खोली गेली. बायकोला घेऊन तो रिह्याला गेला, एवढं पुढे कानावर आलं. त्याच रविवारी मी नम्रतेवर उपदेश केला, आणि तो चांगला झाला असं बरेच जण म्हणाले.

फाट्यावरून रिह्याला रिक्षा मिळाली. रिक्षावाल्यानं विचारलं, "कुणाकडं जायचंय?"

"शांतवन म्हणून आहेत एक..."

"लंगडं मामा? हितल्या एका बंगल्याचं राखणदार? हायेत की. सकाळीच भेटलं."

हायेत. तो आता नसेल, शेजारी हळहळतील, मी प्रार्थना करून परत फिरेन, अशी आशा धरून मी तिथवर आलो होतो, हे मला तेव्हा कळलं.

रस्ता संपला तिथून पुढे भातखाचरांच्या (बांध घातलेल्या वावरांच्या) मधून पायवाट होती. लावणी नुकतीच संपलेली. चारी बाजूंना डोंगर, त्यांवर ढग टेकलेले. पाहणाऱ्याला सुंदर वाटावं असं सगळं. मला मात्र पुढचा बांधच दिसत होता. तिसऱ्या बांधावर पाय घसरला आणि मी पोटरीपर्यंत चिखलात गेलो.

"ओ बाबा, बूट हातात घ्या की!" गवत काढणारी एक बाई ओरडली.

तिची जोडीदारीण म्हणाली, "शेरातलं पाय हायेत गं, ते काय चिखलाचं ऐकत्यात?"

हसत हसतच दोघींनी मला वर ओढलं.

शांतवन अंगणात विळ्याला धार लावत होता. डावा पाय ओढत पुढे आला.

"पाळकसाहेब! लई दिसांनी. आन् ह्ये काय करून घेतलं?" त्यानं आत हाक मारली, "आशा, पानी आन."

त्याच्या बायकोनं पाण्याची बादली आणि तांब्या आणून ठेवला. माझ्याकडे एकदा बघून ती आत गेली.

मला वाकता येत नव्हतं. शांतवननं मला बाजेवर बसवलं. मग कुडाला धरून, दुखरा पाय लांब सोडून, तो खाली बसू लागला.

"शांतवन, राहू दे. मी घरी जाऊन धुईन."

"चिखलाचं पाय घेऊन जाताव कुटं?" त्यानं माझा बूट काढला. मग जराशानं, वर न बघता म्हणाला, "आज माइक न्हाई, सायेब. निवांत बसा."

तो टोमणा होता की नुसती गंमत, मला अजून ठरवता आलेलं नाही. बोटांच्या बेचक्यांतला चिखल तो अंगठ्यानं काढत होता. माझा हात खिशातल्या कागदावर होता. वाटलं, आता तोंड उघडलं तर हा मान वर करेल. त्या नजरेची मला इतकी भीती वाटली की मी डोंगराकडे बघत राहिलो.

आशाबाईंनी इंद्रायणीचा भात आणि भारंगीची (डोंगरातल्या कडवट पाल्याची) भाजी वाढली. शांतवन म्हणाला, "सायेब, प्रार्थना करा." मी हात जोडले आणि डोळे मिटले. शेवटी त्यानंच केली, आणि तीत माझ्या गुडघ्यांसाठीही मागितलं.

निघताना तो रस्त्यापर्यंत आला. म्हणाला, "काय सांगायचं व्हतं का, सायेब?"

"नाही," मी म्हणालो. "सहज आलो होतो."

त्यानं मान हलवली. "मग या परत."

घरी आल्यावर कागद काढला. तो घामानं भिजला होता, पण अक्षर लागत होतं. इतिवृत्तातला शब्द खोटा आहे, हे मी कमिटीला लेखी कळवलं आहे. ते सोपं होतं. शांतवन अजून रिह्यातच आहे. पौडची बस रोज सुटते. रोज सकाळी मी बूट घालतो आणि दुपारी काढतो.

कागदावर हे आहे:

'शांतवन, तुला विहिरीवर मी पाठवलं. तुझ्या पायांची मला किळस आली होती. मग मी खोटं बोललो, आणि ते तू झाकलंस. मला क्षमा कर.'