काचेवरची लाल रेघ

ती गेल्यानंतर चौथ्या आठवड्यात आमच्या घरातला बॉयलर मी फोडला. फोडला असंच म्हणायला हवं. मेकॅनिक मला बरं वाटावं म्हणून म्हणाला की तो जुनाच होता, एक-दोन हिवाळ्यांत गेलाच असता. पण मी तिथे होतो आणि आवाज मी ऐकला होता.

आमचं घर न्यू जर्सीत, आयसेलिनपासून पंधरा मिनिटांवर. ऐंशी साल उलटल्यावर घेतलेलं, पण बांधलेलं त्याच्या कितीतरी आधी. तळघरात तेलावर चालणारा बिडाचा बॉयलर होता. त्याची वाफ नळांतून वर यायची आणि खोल्याखोल्यांतले रेडिएटर तापायचे. यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करत असे. घरातली यंत्रं माझी पत्नी बघायची. दर रविवारी चहा झाला की ती बादली घेऊन खाली जायची आणि दहा मिनिटांनी गंजाचं तांबूस पाणी घेऊन वर यायची. ते मागच्या अंगणात कुंपणाशी ओतायची. मी पेपर वाचत बसलेला असायचो. त्या बादलीत काय आहे, हे मी तिला कधी विचारलं नाही.

ऑक्टोबरमध्ये ती गेली. माणसं आली, डबे आले, मुलगी बॉस्टनहून आली, राहिली, परत गेली. मधले रविवार तसेच गेले. मग एका दुपारी रेडिएटर हाताला गार लागला म्हणून मी खाली उतरलो. बॉयलर घरघरत होता, आत जाळ दिसत होता, पण बाजूच्या उभ्या काचेच्या नळीत पाण्याचा थेंब नव्हता.

आणि मला बंब आठवला. लहानपणी साताऱ्याला आमच्या न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब असे. कढत पाणी काढून घेतलं की तेवढंच गार पाणी वरून ओतायचं, पेटता बंब रिकामा ठेवायचा नाही. हे विसरलो म्हणून मी आईची बोलणी खाल्ली होती. चाळीस वर्षांनी, यंत्रांबद्दल मला जी एकच गोष्ट पक्की माहीत होती, ती मी केली. पाण्याचा नळ शोधला आणि पूर्ण सोडला.

जाड बरणी तडकावी तसा आवाज आला. एकदाच. मग जमिनीवर पाणी पसरू लागलं.

मेकॅनिक म्हातारा होता, आमच्याकडे बरीच वर्षं येणारा. त्याने बॅटरीच्या उजेडात चीर दाखवली. तापलेल्या कोरड्या बिडावर गार पाणी पडलं की असंच होतं, तो म्हणाला. आधी बंद करायचा, तासभर निवू द्यायचा, मग पाणी. पाणी संपल्यावर आपोआप बंद व्हायची सोय होती, पण तीही गाळाने अडकली होती. त्यासाठीच दर आठवड्याला गढूळ पाणी काढायचं असतं. बॅटरी विझवून तो म्हणाला, "तुमच्या मिसेसना हे सगळं माहीत होतं. मीच शिकवलं होतं त्यांना."

मग त्याने पर्याय सांगितले. नवा बॉयलर बसवायचा आणि रेडिएटर तेच ठेवायचे. नाहीतर फर्नेस घ्यायची. फर्नेसमध्ये पाण्याचा संबंधच नाही, हवा तापते आणि पत्र्याच्या नळांतून पंख्याने घरभर जाते. रेडिएटर काढावे लागतील, भिंती थोड्या फोडाव्या लागतील, पण दर आठवड्याचं काम संपेल. हल्ली पुष्कळ लोक तेच करतात. पाइप गोठायच्या आत ठरवायला हवं, शुक्रवारी फोन करा, असं सांगून तो गेला.

मी ग्रंथालयातून चार पुस्तकं आणली. वाफेची ऊब, हवेची ऊब, धूळ, आवाज, खर्च, सगळं वाचलं आणि समजलंही. ठरवता मात्र येईना. कारण मला हवं असलेलं उत्तर त्या पुस्तकांत नव्हतं. तिला काय आवडलं असतं?

मुलीला फोन केला. ती इंग्रजीत म्हणाली की यात विचार करण्यासारखं काहीच नाही, आईला फर्नेसच हवी होती. तळघराच्या पायऱ्यांनी गुडघे दुखतात, असं आई उन्हाळ्यात म्हणाली होती. गुडघ्यांचं मला माहीतच नव्हतं.

पलीकडच्या गल्लीतल्या काकू आमटीचा डबा आणि विजेचा हीटर घेऊन आल्या. सगळ्यांच्याच त्या काकू, सत्तरीच्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "छे रे, फर्नेस कुठली? माझ्याकडे आली की म्हणायची, काकू, तुमच्या त्या वाऱ्याने घसा सुकतो, घरी जाते मी."

मला ती काय म्हणाली होती? स्वयंपाकघरातल्या रेडिएटरवर दही छान लागतं, एवढंच आठवत होतं. ते तरी मला सांगितलं होतं की स्वतःशीच म्हणाली होती, कोण जाणे. काकूंना एक सांगितलं, मुलीला दुसरं. यांतलं खरं कोणतं? की दोन्ही खरी, आणि मी विचारलं असतं तर मला तिसरंच कळलं असतं?

गुरुवारी मी पुन्हा खाली गेलो. तिने कुठे काही लिहून ठेवलं असेल, अशी आशा होती. कागद नव्हता. मात्र काचेच्या नळीवर, बरोबर मध्यावर, एक बारीक लाल रेघ होती. नेलपॉलिशची. पाणी तिथवर हवं, इतकंच त्यातून कळत होतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. मी रेघेचं सांगितलं, काकूंचं सांगितलं, चारही पुस्तकांतलं सांगत बसलो. माझ्याशी ती एरवी इंग्रजीतच बोलते. त्या दिवशी सावकाश, शब्द शोधत म्हणाली, "बाबा, थंडी तुला वाजणार आहे. तुला काय पाहिजे?"

समोरची चारही पुस्तकं मी मिटून बाजूला ठेवली. तिने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही.

शुक्रवारी मी मेकॅनिकला फोनवर बॉयलर म्हणालो. तोंडातून निघालं तेच बॉयलर. तो म्हणाला, नव्याला पाणी आपोआप भरायची सोय लावून देतो. नको म्हणालो. दर आठवड्याला खाली जावं लागेल, तो म्हणाला. जाईन म्हणालो. नवा बसवून झाल्यावर त्याने मला बादली धरायला लावली, कोणता नळ आधी आणि कोणता मागून ते दोनदा करून दाखवलं.

जुना बॉयलर नेला तेव्हा ती काचही त्याच्याबरोबर गेली. नव्या काचेवर मी पट्टीने मोजून खूण केली, पेनाने. पहिल्या रविवारी बॉयलर बंद केला, जिन्यावर बसून तो निवायची वाट पाहिली, बादलीभर काळपट पाणी काढलं, खुणेपर्यंत नवं भरलं. बादली घेऊन मागच्या दाराने बाहेर पडलो. कुंपणाशी हातभर जागेत गवत उगवलेलं नव्हतं, माती तांबडी झाली होती. इतकी वर्षं ती जागा मला खिडकीतून दिसत होती.

पाणी तिथेच ओतलं. घर उबदार झालं होतं. फर्नेस घेतली असती तर तिला बरं वाटलं असतं का, हे मला अजून सांगता येत नाही.