काचेवरचं लेबल

इथे आखातात, इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या गोदामातून लुसैलच्या नव्या स्टेडियमला काचा जायच्या. एक रत्नागिरीकर त्या पेट्यांवर ‘फ्रॅजाइल’ची लेबलं लावायचा, तळहाताने दोनदा दाबायचा आणि इथल्या अरबीत ‘झालं काम’ म्हणतात तसं म्हणायचा, “खलास!”

घरी माझं कुणी ऐकत नाही, म्हणून मी त्यालाच शिकवलं. “हे मूळ लॅटिन विशेषण, ‘फ्रॅजिलिस’. ‘मोडणे’ या क्रियापदापासून आलेलं, म्हणजे सहज मोडणारा. पुरुष असो, बाई असो, रूप एकच.”

“माणसालापण लावतात, साहेब?”

“अर्थात!” मी ऐटीत म्हणालो.

परवा त्याच्या खोलीतल्या सोबत्याची शवपेटी विमानतळाकडे निघाली. त्याने झाकणावर तेच लेबल चिकटवलं, दोनदा दाबलं.

“गावाला आई उघडून बघंल, साहेब. नीट पोचायला हवा.”

‘खलास’ मात्र तो म्हणाला नाही.