डेलमार हॉकमायर कॉम्प्युटरला जागा करून देतो

डेलमार हॉकमायरला कुणी अडाणी म्हटलं तर तो हसायचा. खर्चिक म्हटलं तर मात्र आठवडाभर अबोला. फोर्ट वेन शहरात चाळीस वर्षं त्यानं लोकांच्या तळघरात घर तापवायच्या भट्ट्या आणि त्यांची गरम हवा खेळवायचे पत्र्याचे नळ बसवले, आणि त्या चाळीस वर्षांत एकच तत्त्वज्ञान कमावलं: "न बसणारी वस्तू देवानं केलेलीच नाही. थोडं कापलं की बसतं."

या तत्त्वज्ञानाची स्मारकं त्याच्या घरात जागोजाग आहेत. फ्रिज रुंद आला म्हणून शेजारचं कपाट कापलं; त्या कपाटाचं दार गेली नऊ वर्षं दोरीनं बांधलेलं आहे. रस्त्याकडेची टपालपेटी स्वतः केली, तीही अशी जाड पत्र्याची, की बर्फ काढणाऱ्या गाडीनं तिला धडक दिली तेव्हा गाडीच गॅरेजला गेली. फक्त तिचं तोंड इतकं अरुंद, की पोस्टमन पत्रं पायरीवर ठेवून जातो. डेलमारला यात पोस्टमनचा आळस दिसतो.

अशा माणसाच्या हाती एखाद्याची नोकरी पडावी म्हणजे त्या नोकरीचे ग्रहच फिरले म्हणायचे. आणि पडली ती नेमकी त्याच्या बायकोची.

लोर्ना हॉकमायर बावीस वर्षं हॉस्पिटलच्या बिलांच्या खात्यात होती. ते खातंच हॉस्पिटलनं बंद केलं. वय एकसष्ट, गुडघा कामातून गेलेला. दुकानात आठ तास उभं राहणं जमणार नव्हतं, मग पगार कोण देणार? अशात बाहेरगावच्या एका कंपनीनं तेच काम घरून करायला बोलावलं. अट एवढीच की कॉम्प्युटर घरचा हवा आणि पुढच्या शुक्रवारी दुपारपर्यंत कंपनीच्या तपासणीत तो पास व्हायला हवा. नापास झाला तर जागा यादीतल्या पुढच्या बाईला. काय काय हवं त्याचा कागद कंपनीनं पाठवला, आणि लोर्नानं तो फ्रिजवर चुंबकानं लावला.

"डेल, हे वाच आणि सांग. आपला चालेल का, की मी नवीन बघू?"

डेलमारनं कागदाच्या पहिल्या दोन ओळी वाचल्या. मेमरी जास्त हवी. जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी नवी एसएसडी हवी. पुढच्या ओळी वाचायला त्याला चष्मा लागला असता, आणि चष्मा गाडीत होता.

"नवीन?" तो म्हणाला. "अगं, हा काय म्हातारा झालाय? अकराच तर वर्षं झाली! दोन वस्तू बदलल्या की घोड्यासारखा पळेल."

हा घोडा म्हणजे नाताळाच्या सेलमध्ये घेतलेला, मोठ्या कंपनीचा तयार, चपटा कॉम्प्युटर. सकाळी बटण दाबायचं, कॉफी करायची, प्यायची, कप विसळायचा, तेव्हा कुठे पडद्यावर डेलमारनं पकडलेल्या माशाचा फोटो उगवायचा. इतक्या वर्षांत त्या यंत्रानं त्या माशापलीकडे फारसं काही केलेलं नव्हतं.

आता एकट्याची अक्कल कमी पडेल म्हणून की काय, डेलमारनं रॉली सोर्डलेचा सल्ला घेतला. रॉली म्हणजे गुरुवारी युकरच्या पत्त्यांना त्याच्यासमोर बसणारा भिडू. हातात काही नसताना हुकूम बोलून दोघांनाही बुडवणारा. कॉम्प्युटरमधलं त्याचं ज्ञान इतकंच, की त्याचा नातू गेम खेळतो.

"मेमरीबिमरी ठीक आहे," रॉली म्हणाला, "पण खरी ताकद ग्राफिक्स कार्डात असते बघ. ते नसेल तर बाकी सगळं पाण्यात."

"ती बिलं बनवणार आहे रॉली, विमानं पाडणार नाही."

"बिलांतही आकडे असतातच ना? ते दिसायला नकोत स्वच्छ?"

हा युक्तिवाद डेलमारला पटला. शनिवारी दोघं जुन्या बाजारात गेले आणि दोन पंख्यांचं, विटेएवढं एक कार्ड घेऊन आले. शर्ट उघडा टाकलेल्या विक्रेत्यानं सांगितलं होतं की ते फार थोडं वापरलेलं आहे. त्यावर कुणाच्या तरी मांजराचे केस होते, पण डेलमारच्या मते मांजर वर बसलं तरी वजनाला हलकंच असतं.

दुकानातून आणलेली मेमरी आणि एसएसडी निमूट बसली होती. कार्ड घरी आल्यावर मात्र कळलं की कॉम्प्युटर चपटा आणि कार्ड उंच. झाकण लागेना. एखाद्या शहाण्यानं इथे थांबून विचार केला असता. डेलमार गॅरेजमधून पत्र्याची कात्री घेऊन आला.

त्याच्या कामाला नावं ठेवायला जागा नव्हती, हे खरं. झाकणात खिडकी कापली, कडा दुमडून घासल्या, वर पत्र्याचं छोटं छप्पर केलं आणि रिव्हेट मारले. कॉम्प्युटरला आता माळा होता.

पण कार्डाला वीज पुरेना. मग जास्त ताकदीचा पॉवर सप्लाय आणला. तो आत मावेना. त्याला बाहेर, कुशीला, धुराडं बांधायच्या पट्टीनं आवळला. मग त्याचा प्लग बसेना, कारण बाजारात सगळ्यांच्या प्लगला चोवीस टोकं आणि या कंपनीच्या बोर्डाला आपली स्वतःची, सहा. डेलमारची नजर कात्रीकडे वळली.

"नको!" रॉली ओरडला. पत्त्यांत, संसारात आणि राजकारणात मिळून त्यानं दिलेला हा एकच बरा सल्ला. मग रॉलीनंच फोनवरून जोडवायर मागवली. ती बुधवारी आली.

मधल्या दिवसांत लोर्ना रोज एकदा तळघराच्या जिन्यावर यायची, गुडघा सांभाळत तिसऱ्या पायरीवर थांबायची.

"डेल, तो कागद वाचलास ना पूर्ण?"

"वाचला गं."

"खालपर्यंत?"

"लोर्ना, अख्ख्या अ‍ॅलन काउंटीच्या भट्ट्या मी बसवल्यात. कागद वाचून एकही नाही बसवली!"

हे मात्र खरं होतं. आणि त्यांतल्या कितीतरी जणांकडे तो दुरुस्तीला पुन्हा जाऊन आला होता, तेही खरं होतं.

बुधवारी संध्याकाळी यंत्र सुरू झालं, आणि गंमत म्हणजे झकास सुरू झालं. नऊ सेकंदांत मासा पडद्यावर! पंखे असे घोंगावले की वरच्या मजल्यावरच्या कुत्र्यानं जागा बदलली. डेलमारनं यंत्र बंद केलं, पुन्हा सुरू केलं, आणि रॉलीनं घड्याळ धरलं. असं त्यांनी चौदा वेळा केलं. गुरुवारी पत्ते खेळायला आलेल्या मंडळींनाही जिना उतरवून मासा दाखवण्यात आला. एकानं विचारलं, "पण पुढे काय करतो हा?" त्याला डेलमारनं कॉफीसुद्धा विचारली नाही.

शुक्रवारी अकरा वाजता लोर्ना चष्मा लावून यंत्रासमोर बसली. आदल्या आठवड्यात केस कापून आली होती, जणू तपासणी तिचीच होती. कंपनीचा तपासणीचा प्रोग्रॅम तिनं चालवला. डेलमार आणि रॉली तिच्या मागे उभे, वरातीतल्या घोड्याच्या मालकांसारखे.

मेमरी: हिरवी खूण. डिस्क: हिरवी खूण. डेलमारनं रॉलीला कोपर मारलं. इंटरनेट: हिरवी खूण. मग पडदा जरा थांबला, आणि लाल पट्टी आली. प्रोसेसर जुना आहे. या पिढीचा प्रोसेसर स्वीकारला जात नाही.

"म्हणजे?" डेलमार म्हणाला.

लोर्ना उठली. जिना चढून वर गेली, एकेक पायरी. फ्रिजवरचा कागद घेऊन खाली आली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तो त्याच्या हातात दिला. प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा नंतरचा. यंत्रातला होता चौथ्या पिढीचा.

"ग्राफिक्स कार्डाचं काही लिहिलंय का रे त्यात?" तिनं विचारलं.

"नाही."

"बघ नीट. मागे वगैरे?"

डेलमारनं खरंच कागद उलटून बघितला.

"मग प्रोसेसर नवा टाकू," रॉली म्हणाला. "काय मोठंसं! एवढासा तर असतो."

"या बोर्डावर बसणार नाही तो," लोर्ना म्हणाली. हे तिनं सोमवारीच वाचून ठेवलं होतं. खालपर्यंत वाचलंस का, असं ती रोज उगाच विचारत नव्हती; तो 'वाचला' म्हणाला तेव्हा आतला प्रोसेसर त्यानं बघितलाच असेल, असं तिनं धरलं होतं.

"न बसायला काय झालं," डेलमार म्हणाला, "कडेनं थोडं—"

लोर्नानं टेबलावरची कात्री उचलली, पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली.

मग तिनं कंपनीला फोन केला. पलीकडच्या बाईला सरळ सांगितलं की यंत्र नापास झालं, चूक घरातली आहे, वेळ मिळेल का. बाई म्हणाली, आज पाचपर्यंत; त्यानंतर नाव पुढे जाईल. लोर्ना गाडीत बसली. डेलमार दुसऱ्या बाजूचं दार उघडायला लागला.

"तू कुठे?"

"तुला कळायचं नाही दुकानात. फसवतील."

"या आठवड्यात मला फसवायला दुकानाची गरज नाही पडली, डेल." आणि दाराला आतून कुलूप लागलं.

ऑफिसांतून परत आलेले कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानात तिनं कागद काउंटरवर ठेवला आणि शेवटच्या ओळीपासून वाचून दाखवला. पाऊण तासात तीन वर्षं जुना, साधा, काळा डबा घेऊन ती परत आली. तो मांजराच्या केसांच्या विटेहून थोडाच महाग होता. डेलमारनं गाडीतून खोकं घरात आणलं, तिनं आणू दिलं. चार वाजून वीस मिनिटांनी सगळ्या खुणा हिरव्या झाल्या. लोर्नानं डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला, मग डोळेही पुसले, आणि सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं पत्र छापून घेतलं.

"एकदा झाकण उघडून बघू का?" डेलमार म्हणाला. "आत धूळ असते."

"बघ," लोर्ना म्हणाली. "आणि मग जेवायला रॉलीकडे जा. नाश्त्यालाही. थँक्सगिव्हिंगच्या सणालाही."

त्यानं झाकण उघडलं नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. डेलमार हातात डोनट घेऊन दहा-बारा जणांच्या मधोमध उभा. "प्रोसेसरची पिढी बघावी लागते," तो सांगत होता. "लोक मेमरी बघतात, डिस्क बघतात, आणि इथेच चुकतात! आठवीच्या खालचा घ्यायचाच नाही. आम्ही तोच घेतला. लगेच पास." रॉली बाजूला उभा राहून मान डोलावत होता.

"डेलमारनं बसवला वाटतं?" पास्टरच्या बायकोनं लोर्नाला विचारलं.

लोर्नानं कॉफीत क्रीम घातलं आणि ती सावकाश ढवळली. उद्यापासून आठ तास तिला दार लावून काम करायचं होतं, आणि ते दार लागलेलं राहायचं तर बाहेरचा माणूस खूश असलेला बरा.

"हो," ती म्हणाली. "खोकं त्यानंच आणलं आत."